प्रमाणपत्र नसलं तरी मागता येतं

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर कॉलेजकडे कुठलीच सोय मागता येत नाही. तसं नाहीये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती अट कॉलेजमधल्या ५ टक्के राखीव जागांसाठी आहे. परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकासाठी ती लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलं.

मी ऑटिस्टिक आहे. बडोद्यात एम.ए. करताना ट्यूबलाइटच्या गुणगुणीने पेपर अर्धा टाकून उठले होते. आता मुलांना अर्ज लिहायला मदत करते. परीक्षेला वेगळी शांत खोली हवी असेल तर लेखीच मागा, पोच घ्या. आणि कृपा करून विद्यार्थ्यालाच बोलू द्या, अडखळला तरी. माझ्या वेळी मी शेजारी बसलेली असताना सगळे आईशीच बोलत होते.