युनायटेडला खेळाडू महाग पडत नाहीत, मॅनेजर महाग पडतात

डावा_विंगर (धागाकर्ता)

बुधवारी (२७ ऑगस्ट २०२५) आपलं मँचेस्टर युनायटेड ग्रिम्सबी टाउनकडून हरल्यावर झोप उडाली, त्यातून हा धागा.

ग्रिम्सबी म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला संघ. लीग कप, २-२ बरोबरी, मग पेनल्टी, १२-११. शेवटची पेनल्टी क्रॉसबारवर मारली एम्ब्यूमोने, ज्याच्यासाठी जुलैत साडेसहा कोटी पौंड मोजले होते. कुन्या, एम्ब्यूमो आणि शेश्को या उन्हाळ्यात घेतलेल्या तीन फॉरवर्डांचे मिळून १९ कोटींच्या वर जातात. आणि आमचे मॅनेजर साहेब अमोरिम डगआउटमध्ये बसून पाटीवरचे चुंबक इकडून तिकडे सरकवतायत. तो फोटो आता वर्षभर बघायचा आहे.

"महागडे खेळाडू, पण मनापासून खेळत नाहीत" हे ऐकून कान किटले. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की खेळाडू एकेकटे बघितले तर फारसे वाईट नव्हतेच. प्रत्येक जण वेगळ्या संघासाठी आणलेला होता, आणि तो संघ कधी उभाच राहिला नाही.

मे २०१३ मध्ये मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन गेले. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिलही गेले, हे लोक विसरतात. म्हणजे संघ बांधणारा आणि सौदे करणारा एकदमच बाहेर. सौद्यांचं काम आलं एड वुडवर्डकडे. माणूस मूळचा बँकेतला, क्लबात जाहिरातींचे करार आणण्यात हुशार. पण फुटबॉलचं काय? मॅनेजर आले मॉयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शर, मध्ये काही महिने रांगनिक, मग टेन हाग, मग अमोरिम. प्रत्येकाचा खेळ वेगळा, प्रत्येकाची यादी वेगळी.

दि मारियाचंच घ्या. २०१४ मध्ये ५.९७ कोटी पौंड, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. वर्षभरात पॅरिसला रवाना, तोही तोट्यात. २०१८ च्या उन्हाळ्यात मोरिन्यो सेंटर बॅक (मधला बचावपटू) द्या म्हणून घसा कोरडा करत होता, मिळाला नाही. डिसेंबरात त्याला काढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात सोल्शरच्या काळात मग्वायर आला ८ कोटींना. लेस्टरने त्याला दोन वर्षांपूर्वी हल सिटीकडून १.२ कोटी आणि वर बोनस देऊन घेतला होता. टेन हागने आयॅक्समधून विंगर अँटनी आणला, ८ कोटींच्या वर. मग आला अमोरिम, ज्याच्या ३-४-३ मांडणीत कडेच्या विंगरला जागाच नाही! अँटनी बेटिसला, रॅशफर्ड व्हिलाला, गार्नाचो बाजूला बसवलेला.

२० वेळा लीग जिंकलेल्या या क्लबात पहिला फुटबॉल डायरेक्टर (खेळाडू कोणते घ्यायचे ते बघणारा) नेमला गेला मार्च २०२१ मध्ये. शेजारच्या मँचेस्टर सिटीने सोरियानो आणि बेगिरिस्ताइन हे कारभारी २०१२ मध्येच आणून बसवले, मॅनेजर ग्वार्डिओला यायच्या चार वर्षं आधी. आधी घर बांधलं, मग त्यात राहायला येणाऱ्याला बोलावलं. आपण दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि प्रत्येकाला स्वयंपाकघर पाडायची परवानगी देतो.

बोला.

जुना_युनायटेडवाला

असहमत. सगळं लिहिलंत आणि मूळ रोगाचं नावच नाही. ग्लेझर!

२००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि ते कर्ज टाकलं क्लबाच्याच डोक्यावर. त्याआधी क्लबावर कर्ज नव्हतं. वीस वर्षं व्याज भरतोय आपण, वर मालकांना लाभांश. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छतातून धबधबा वाहिला, तो सगळ्या जगाने पाहिला. घराचं छप्पर गळतंय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या नकाशावर भांडताय.

वुडवर्ड कुठून आला? ग्लेझरांच्या त्या खरेदीच्या वेळी बँकेकडून काम करणारा माणूस. ज्याने मालकांचा सौदा जुळवला, त्यालाच क्लब चालवायला दिला. याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही.

डावा_विंगर

@जुना_युनायटेडवाला, काका, ग्लेझरांवर माझंही प्रेम नाही. पण कर्जामुळे छप्पर गळतं, अँटनी येत नाही. पैसे नव्हते म्हणून खरेदी झाली नाही, असं असतं तर तुमचं म्हणणं मान्य. इथे उलट आहे. कर्ज असूनही खर्च झाला, आणि वेड्यासारखा झाला.

जुना_युनायटेडवाला

वेड्यासारखा का झाला? कारण मालकाला फुटबॉल कळत नाही आणि ज्याला कळतं त्याला तो नेमत नाही. फिरून तिथेच आलात.

हिशोबनीस

दोन्ही बाजूंना थोडं थांबवतो. ट्रान्सफरचा आकडा बघून "एवढे पैसे घातले" म्हणणं हीच पहिली चूक. लीगमधल्या जागेचा ट्रान्सफरपेक्षा पगाराच्या एकूण खर्चाशी जास्त जवळचा संबंध दिसतो. त्यामुळे खरा प्रश्न असा हवा की इतके पगार देऊन हा संघ इतका खाली कसा?

त्याचं एक उत्तर म्हणजे अलेक्सिस सांचेझ. जानेवारी २०१८, मखितार्यानच्या बदल्यात आला, म्हणून "फुकट" वाटला. पगार मात्र संघातला सर्वांत मोठा. लीगमध्ये ३२ सामने, ३ गोल. नुकसान त्या ३ गोलांपुरतं राहिलं नाही. त्याचा पगार बघून ड्रेसिंग रूममधला प्रत्येक एजंट आपला आकडा वाढवून बसला. ज्याचा पगार बाजारभावाच्या वर गेला तो विकला जात नाही, कारण दुसरा क्लब तेवढा देणार नाही. मग तो करार संपेपर्यंत बसून राहतो, किंवा अर्धा पगार आपणच भरून त्याला उधार पाठवायचा. युनायटेडला विकता येत नाही हा जो रोग आहे, तो इथून सुरू होतो.

दुसरी गोष्ट जास्त चीड आणणारी आहे. हिशोबात विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागतात. ८ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर दर वर्षी १.६ कोटी खर्च. दोन वर्षांनी तो ३ कोटींना विकलात तर वहीत ४.८ कोटी उरलेले असतात, म्हणजे सरळ तोटा. पण अकादमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो विकला की सगळा नफा. लीगच्या तोट्यावरच्या मर्यादा सांभाळायच्या तर कोण विकायचा? घरचा पोरगा. महागड्या चुकीची भरपाई अशी होते.

म्हणून अकादमीतला मॅक्टॉमिने ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला गेला. नऊ महिन्यांत इटलीची लीग जिंकली आणि तिथल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

स्वप्नजा

अकादमीतलाच एलांगा राहिला की! १.५ कोटींना नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला, आणि या एप्रिलमध्ये त्यानेच आपल्याविरुद्ध स्वतःच्या हाफमधून पळत जाऊन गोल मारला. १-० हरलो. मी टीव्ही बंद केला नाही, पण बघणं बंद केलं.

कॉप_स्टँड

लिव्हरपूलवाला आहे, दगड मारायच्या आधी वाचा.

२०१७ मध्ये आमचा मॅनेजर क्लॉपला यूलियान ब्रांट हवा होता. स्पोर्टिंग डायरेक्टर एडवर्ड्स आणि त्याच्या माणसांनी आकडे समोर ठेवून सालाह पटवून दिला. पुढच्या जानेवारीत कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, व्हान डाइक आणि अॅलिसन आले. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग. मॅनेजरला "नाही" म्हणू शकणारा आणि म्हणूनही त्याच्याशी संबंध न बिघडणारा माणूस क्लबात होता. तुमच्याकडे दोनच प्रकार झालेत. एक तर मॅनेजर मागेल ते सगळं, नाहीतर मॅनेजर मागेल ते सोडून सगळं.

(मग्वायरच्या सौद्यात लेस्टरवाल्यांनी पेढे वाटले असतील. हलके घ्या.)

थंड_डोकं

धागाकर्त्याचा सिद्धांत ऐकायला गोड आहे, पण एका उदाहरणात कोसळतो. चेल्सी.

मालक अब्रामोविचच्या काळात चेल्सीने मॅनेजर कपडे बदलावेत तसे बदलले. २०१२ मध्ये विलास-बोआसला मार्चमध्ये हाकललं आणि मे महिन्यात डी मातेओने चॅम्पियन्स लीग उचलली. २०२१ मध्ये लॅम्पार्डला जानेवारीत काढलं, टुखेलने मेमध्ये पुन्हा तीच उचलली. मॅनेजर बदलल्याने क्लब बुडतो तर हे कसं? उलट मी म्हणेन, युनायटेड मॅनेजर बदलायला उशीर करतं. टेन हाग २०२३-२४ मध्ये आठवा आला. एफए कप जिंकला म्हणून करार वाढवून दिला, अजून २० कोटींच्या आसपास खेळाडू दिले आणि ऑक्टोबरात काढला. भरपाईचे पैसे वेगळे, अमोरिमला स्पोर्टिंगकडून सोडवायचे वेगळे.

साधी गोष्ट आहे, खेळाडू निवडताना चुका झाल्या. अँटनी कुठल्याही पद्धतीत ८ कोटींचा नव्हता. त्याला गूढ तत्त्वज्ञान चिकटवू नका.

डावा_विंगर

@थंड_डोकं, हा मुद्दा लागला. रात्रभर विचार केला.

पण २०१२ च्या चेल्सीत चेक, टेरी, लॅम्पार्ड, ड्रोग्बा होते. आठ-दहा वर्षं एकत्र खेळलेली माणसं. वर मॅनेजर कोणीही असो, खालचा सांगाडा तोच. म्हणून मॅनेजर बदलणं त्यांना परवडलं. आपल्याकडे सांगाडा कुठला? पोग्बा, दि मारिया, सांचेझ, अँटनी या चौघांना जोडणारं एक तरी सूत्र सांगा. आणि त्याच चेल्सीत २०२२ ला नवे मालक आले, एका सीझनमध्ये टुखेल, पॉटर, लॅम्पार्ड असे मॅनेजर झाले, पोतंभर खेळाडू आले, एन्झो फर्नांडेझला १० कोटींच्या वर दिले, आणि बाराव्या क्रमांकावर संपले. या वेळी सांगाडा नव्हता.

मथळा थोडा बदलायला हवा होता, हे मान्य करतो. बदलत नाही.

थंड_डोकं

त्याच नव्या चेल्सीने अजून खर्च केला, अजून मॅनेजर बदलले, आणि या वर्षी कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कप दोन्ही जिंकले. तेव्हा सांगाडा कुठून आला? दोन वर्षांत उगवला?

डावा_विंगर

वीस-बावीस वर्षांच्या पोरांना लांब करार देऊन एकाच साच्यातले घेतले. साचा तुम्हाला आवडो न आवडो, होता.

स्वप्नजा

मला एक अप्रिय गोष्ट बोलायची आहे. सगळे वुडवर्डवर आणि ग्लेझरांवर थांबतात, सर अॅलेक्सना कोणी हात लावत नाही. २०१३ मध्ये त्यांनी मागे काय ठेवलं? स्कोल्स निवृत्त, गिग्ज चाळिशीला टेकलेला, फर्डिनंड, विदिच, एव्हरा तिशीपार. व्हान पर्सी आणला तोच मुळी २९ व्या वर्षी. त्या माणसाने आपल्या जादूवर म्हातारा संघ ओढत नेऊन लीग जिंकवली. जादू त्याच्याबरोबर गेली, म्हातारा संघ राहिला.

शिवाय २०१२ मध्ये पोग्बाला त्यांच्याच काळात जाऊ दिला. चार वर्षांनी त्यालाच ८.९ कोटींना परत आणला, तेव्हाचा जागतिक विक्रम. २०२२ मध्ये तो पुन्हा फुकट गेला. दोनदा फुकट, मध्ये एकदा विक्रमी किमतीत!

आणि वुडवर्डबद्दल एकच. २०१८ मध्ये गुंतवणूकदारांना त्याने सांगितलं होतं की मैदानावरच्या निकालांचा क्लबाच्या व्यापारी बाजूवर फारसा परिणाम होत नाही. हे त्याला खरंच वाटत होतं. ज्या क्लबाला असं वाटतं, तो नावं विकत घेतो. २०२१ मधला रोनाल्डो आठवा. त्या संघाला बॉल हिसकावणारा मिडफिल्डर हवा होता.

जुना_युनायटेडवाला

फर्गींना काही बोलायचं नाही. बाकी प्रतिसाद उत्तम.

बाकावरचा_बारावा

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितोय. पॅरिसवाल्यांनी नेमारला २२ कोटी युरो दिले, एम्बापे घेतला, मेस्सी आणला, चॅम्पियन्स लीग काही मिळेना. तिघंही गेले आणि या मे महिन्यात अंतिम सामन्यात इंटरला ५-० धुतलं. युनायटेडनेही सगळ्यांना सोडून बघावं. गेल्या सीझनचा १५ वा क्रमांक आणि ४२ गुण तर आहेतच, अजून किती खाली जाणार?

हिशोबनीस

@बाकावरचा_बारावा, ५-० च्या संघात डेंबेले होता, आणि तोही फुकटातला नव्हता. पॅरिसने खर्च थांबवला नाही, वेगळ्या वयाच्या आणि वेगळ्या कामाच्या माणसांवर केला. हे लक्षात न घेता "तारे नकोत" म्हणणं म्हणजे पुन्हा तेच.

थंड_डोकं

धागाकर्त्यांना शेवटचं विचारतो. या उन्हाळ्यात तीन फॉरवर्ड घेतले, अमोरिमच्या पद्धतीला बघून. गोलकीपर जुनाच, मधली फळी जुनीच. तुमच्याच सिद्धांताप्रमाणे अमोरिम गेला की शेश्कोचं काय?

डावा_विंगर

तेच ना! डायरेक्टरच्या हातात सूत्रं असती तर आधी गोलकीपर घेतला असता. सहमालक रॅटक्लिफनी न्यूकॅसलला पैसे मोजून अॅशवर्थला आणला होता, त्याच कामासाठी. पाच महिन्यांत तोही गेला. आता मला सांगा, या क्लबात मॅनेजरपेक्षा जास्त टिकणारी खुर्ची कुठली?

बाकावरचा_बारावा

छपराखालची. ती ओली असते, तिथे कोणी बसत नाही.

शनिवारी बर्नलीशी सामना आहे. गोलमध्ये कोण उभं राहणार तेवढं कळलं तर सांगा, त्यावर ठरवतो बघायचं की नाही.