तहकूब म्हणजे रद्द का?

पाणंद : आमच्या गावची 26 जानेवारीची ग्रामसभा झेंडावंदनानंतर सुरू झाली आणि अर्ध्या तासात उठली. संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली, 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा येत्या शुक्रवारी त्याच ठिकाणी घेण्यात येईल.' (गणपूर्ती म्हणजे कोरम, सभेला लागणारी किमान हजेरी.) मी पुण्यात असतो. आईला फोन केला तर म्हणाली, "रद्द झाली रे सभा, कोरम नाही भरला." आता तहकूब म्हणजे रद्द, की पुढे ढकललेली? सरकारी कागदात 'स्थगित'ही दिसतं. यांत काही फरक आहे का?

जुनी चावडी : चांगलाच आहे. रद्द म्हणजे विषय संपला. पुन्हा करायचं तर नव्याने नोटीस काढून. तहकूब म्हणजे मध्येच थांबवलं, पुढे तिथूनच सुरू करायचं. म्हणून विधानसभेचं कामकाज तहकूब होतं, सुनावणी तहकूब होते. तहकूब आणि स्थगित यांत मी असा भेद करतो : जे अजून ठरलेलंच नाही ते तहकूब, जे ठरलंय पण अंमलात येऊ द्यायचं नाही त्याला स्थगिती. 'रस्त्याचा विषय तहकूब ठेवला' आणि 'रस्त्याच्या ठरावाला स्थगिती मिळाली' ही वाक्यं अदलाबदल करून बघा, कानाला खटकतील. शब्द अरबी-फारसीकडून आलेला आणि मराठीत चांगला मुरलेला. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही सापडतो. हिंदीवाले अशा जागी 'मुल्तवी' किंवा 'स्थगित' म्हणतात.

निवृत्त ग्रामसेवक : कोशातला अर्थ बरोबर, पण गावातला अर्थ वेगळा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावाला 100 माणसं लागतात, चारशेच्या गावाला 60. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! नवा विषय तेवढा घेता येत नाही. मग होतं काय, पहिल्या दिवशी तासभर वाट बघायची, रजिस्टरवर तीस-चाळीस सह्या झाल्या की "चला, तहकुबीत घेऊ". मी नोकरी केलेल्या एका गावात लोक मला विचारायचे, "भाऊसाहेब, उद्याची सभा साधी का तहकूब?" म्हणजे तहकूब हा त्यांच्या लेखी सभेचा एक प्रकारच होता, मासिक सभा, महिला सभा, तशी तहकूब सभा.

ढेकूळ : भाऊसाहेब, शंभर टक्के. आमच्याकडे तर लग्नालाही म्हणतात, "बोलणी तहकूब झाली." म्हणजे फिसकटली!

(शुद्धलेखनवाल्यांसाठी : तहकूब, पण तहकुबी. शेवटी दीर्घ ई आली की आधीचा ऊ ऱ्हस्व होतो. नोटीस बोर्डावर 'तहकुब' असतं ते सोडून द्या.)

जुनी चावडी : गणपूर्ती हा शब्द कोरमसाठी कुणीतरी टेबलावर बसून घडवला असं मला बरेच दिवस वाटायचं. पण त्याचं मूळ बरंच जुनं आहे. बौद्धांच्या विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, 'गणपूरक' येतो, म्हणजे संघाच्या बैठकीची ठरलेली संख्या भरून काढणारा भिक्खू. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात हेच सांगितलं होतं, की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम भिक्खू संघांना ठाऊक होते. आणि आपण मात्र म्हणतो, 'कोरम भरला का'. 'भरला' बघा. पोतं भरावं तसा.

कोरा सातबारा : धागा चाललाच आहे तर एक शंका. प्रत्येक विषयपत्रिकेत विषय क्रमांक 1 ठरलेला, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. लिहिलेलं ते कायमच असतं की. पुन्हा कायम काय करायचं?

निवृत्त ग्रामसेवक : नोकरीत 'कायम झाला' म्हणतो तेच. तोवर हंगामी होतं, आता पक्कं झालं. वरच्या कोर्टाने 'शिक्षा कायम केली' तेही हेच. इतिवृत्त कायम करणे म्हणजे गेल्या वेळी जे ठरलं तेच वहीत आहे ना, एवढंच बघून मान्य करायचं. ठराव पुन्हा उकरायचा नसतो. आणि 'वाचून' शब्दाकडे लक्ष द्या. वाचायचं असतं, मोठ्याने. बहुतेक ठिकाणी "वाचलं असं समजा" म्हणून पुढे जातात. मीही गेलोय, खोटं कशाला बोलू.

मोहफूल : आमच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा मतदान घेत नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहते. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द तिथे अक्षरशः खरे असतात. इतर वह्यांमध्ये ते शिक्क्यासारखे असतात. भांडण होऊन खुर्च्या फेकल्या गेल्या तरी खाली 'सर्वानुमते'च.

ढेकूळ : आणि शेवटचा विषय विसरलात, 'ऐनवेळचे विषय'. काही जण 'आयत्या वेळचे' लिहितात. कोणतं बरोबर?

जुनी चावडी : दोन्ही. ऐन अरबीतला, नेमका, खुद्द या अर्थाचा : ऐन दुपारी, ऐन तारुण्यात. आयता म्हणजे तयार, न खपता मिळालेला. मला ऐनवेळचे पसंत. 'आयत्या वेळचे' वाचलं की आयत्या बिळावरचा नागोबा डोळ्यांसमोर येतो. कधी कधी तोच अर्थ खरा असतो म्हणा. नको असलेला विषय तिथूनच आत सरकवतात. तहकूब सभेत ती सोय नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

पाणंद : सगळ्यांचे आभार. आईला परत फोन केला. म्हटलं, रद्द नाही झालेली, शुक्रवारी आहे, जा. ती म्हणाली, "तहकुबीला कशाला जायचं? तिला माणसं लागत नाहीत."

निवृत्त ग्रामसेवक : आईंना सांगा, लागत नाहीत म्हणूनच जा. घरकुलाची यादी असेल तर त्याच सभेत मंजूर होईल. किती वाजता आहे?

पाणंद : आत्ता सूचना पुन्हा उघडून बघितली. वार आहे, ठिकाण आहे. वेळ लिहिलेलीच नाही.