मदत हवी आहे: फॅक्टरी बंद होतेय, टीएएचा अर्ज कुठे करायचा?

अनुजा_के
नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. नवऱ्याची फर्निचरची फॅक्टरी बंद होतेय, सगळा माल आता व्हिएतनामहून येणार. तिथले जुने लोक सांगतात, बाहेरच्या मालामुळे नोकरी गेली तर सरकार 'टीएए' देतं: शिकायची फी, शिकत असेपर्यंत आठवड्याचे पैसे, आणि पन्नाशी उलटलेल्याला नवी नोकरी कमी पगाराची मिळाली तर तुटीतला अर्धा भाग. एकाच्या भावाने घेतलेत. तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा म्हणे. तिघं तयार आहेत, पण फॉर्म कुठे पाठवायचा तेच सापडत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

रानवारा
राज्य कुठलं? नोटीस कधी मिळाली? एच-१ की ग्रीन कार्ड? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सदाशिव_पुणे
ईएसआय कापलं जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज करा. २०१८ पासून आहे. सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. ग्रॅच्युइटी सोडू नका, वर्षाला १५ दिवसांचा पगार धरतात.

रानवारा
काका, त्या अमेरिकेत आहेत.

सदाशिव_पुणे
तसं कुठे लिहिलंय? असो, इथल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

अनुजा_के
सॉरी, मला वाटलं टीएए म्हटल्यावर कळेल. नॉर्थ कॅरोलायना, हिकरीजवळ. ग्रीन कार्ड आहे. नवरा ५४ वर्षांचा, फिनिशिंगमध्ये १७ वर्षं. गेले आठ महिने तयार खुर्च्या खोक्यांतून यायच्या आणि हा पाय हलतात का बघून आमचं लेबल चिकटवायचा. शर्ट धुताना खिशातून लाकडाचा भुसा निघायचा, तो केव्हाच थांबला होता. तेव्हाच कळायला हवं होतं. आता सांगा ना, फॉर्म कुठे?

मिशिगनकर
अनुजाताई, वाईट बातमी आहे. टीएएची मुदत संपली. १ जुलै २०२२ पासून कामगार खातं नवे अर्ज घेत नाही, मंजुरीही देत नाही. १९६२ पासूनची योजना, पण संसदेने मुदत वाढवलीच नाही. त्या भावाचं प्रमाणपत्र आधीचं असणार. आधी पात्र ठरलेल्यांनाच ती मदत मिळते. फॉर्म शोधण्यात आणखी दिवस घालवू नका.

शार्लटवाली
ऐकूनच पोटात कालवलं. ३० जुलै २००३ ला कॅनापोलिसची पिलोटेक्स कापडगिरणी बंद झाली, राज्यात एका दिवसात साडेचार हजारांवर लोक घरी. मी तेव्हा नवीनच आले होते. पन्नाशीच्या बायका टीएएवर कम्युनिटी कॉलेजात जाऊन आधी शाळेची परीक्षा देत होत्या. चाळीस वर्षं गिरणीत काढलेल्या बाईने माझ्याकडून अपूर्णांक शिकून घेतले. ती योजना अशी गुपचूप मरू द्यायला नको होती.

ट्रकवाला_देशमुख
शिकणंबिकणं सोडा, सीडीएल, म्हणजे ट्रक चालवायचं लायसन्स, काढायला सांगा. महिना-दीड महिन्यात लायसन्स. मीही चाळिशीतच वळलो, घर चाललंय.

मिशिगनकर
देशमुख, ५४ व्या वर्षी लांबच्या फेऱ्या? सतरा वर्षं उभं राहून काम केलेली पाठ आहे ती.

ट्रकवाला_देशमुख
लोकल रूट असतात, रोज रात्री घरी. न बघता बोलू नका.

वसंत_टेक्सास
मूळ इलाज आयातकर. बाहेरचा माल महाग केला की कारखाने परत येतील.

शार्लटवाली
२००५ मध्ये चिनी बेडरूम फर्निचरवर अँटी-डंपिंग कर, म्हणजे फार स्वस्तात माल ओतल्याबद्दलचा जादा आयातकर, लावलाच होता. काम हिकरीला नाही आलं, व्हिएतनामला गेलं. करावर बोलायचंय तर वेगळा धागा काढा, बाईंना आत्ता मदत हवीय.

रानवारा
ताई, आज उपयोगाचं सांगतो. टीएए नसलं तरी 'डब्ल्यूआयओए' या केंद्रीय कायद्याखाली नोकरी गेलेल्यांसाठी पैसा असतो. एनसीवर्क्स, म्हणजे राज्याच्या रोजगार केंद्रात जा आणि 'डिसलोकेटेड वर्कर' (कंपनी बंद झाल्याने नोकरी गेलेला) असंच म्हणा. शिकण्याची फी मिळू शकते, सीडीएलचीसुद्धा. बेकारी भत्त्याचा अर्ज शेवटचा दिवस झाल्याबरोबर करा. २०१३ पर्यंत या राज्यात २६ आठवडे मिळायचा, आता साधारण १२. आरोग्य विम्यासाठी कोब्रावर (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) विसंबू नका, कंपनीच बंद होऊन ग्रुप प्लॅन संपला तर कोब्राही नाही. मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी विमा बाजारात, नवा विमा घ्यायला जुना गेल्यापासून ६० दिवस असतात. आणि फॅक्टरीत माणसं किती? शंभर किंवा जास्त असतील तर वॉर्न कायद्याने ६० दिवस आधी लेखी नोटीस लागते. कमी पडलेल्या दिवसांचा पगार मागता येतो, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं.

अनुजा_के
दोनशेच्या वर होते. खूप आभार, सोमवारी केंद्रात जातोय. टीएए नाही हे त्याला अजून सांगितलं नाहीये, तिघांच्या सह्या घेऊन बसलाय. नोटीस पोस्टाने आली. पत्रावर ३ तारीख आहे, पाकिटावर शिक्का १९ चा. कुठली धरायची?

रानवारा
हातात पडली ती. पाकीट फेकू नका. दोन्हींचे फोटो आजच काढून ठेवा, आणि त्या तिघांनाही काढायला सांगा.