स्ट्रॅटचे पिकअप बदलू का? आवाज पातळ येतोय

मालवणी_बेंड:
मंडळी, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइपची स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे, तिन्ही पिकअप (तारेचं कंपन पकडणारे, चुंबक आणि कॉइलवाले) सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे. आवाज एकदम पातळ आणि अँपचा गेन (सिग्नलची वाढ) वाढवला की घूंऽऽ सुरू, त्यात गणपतीत मंडळाच्या स्टेजवर लायटिंग लागलं की विचारूच नका. ब्रिजला (तारा बांधतात त्या टोकाला) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप टाकावा म्हणतोय, फरक पडेल ना?

सोल्डरबाबा:
पडेल की. ती घूं म्हणजे लाइनची ५० हर्ट्झ, हंबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट असतात म्हणून ती आपसात कटते आणि तारेचा सिग्नल मात्र बेरीज होतो. पण फुल साइज घेऊ नको रे, लाकूड कोरावं लागू शकतं, सिंगलच्या खाचेत बसणारा रेलवाला (वर खिळ्यांऐवजी पट्ट्या असलेला) हंबकर मिळतो तो बघ. पॉट (व्हॉल्यूम-टोन नॉबखालचे फिरते रेझिस्टर) बहुतेक २५० केचे (किलो-ओहम) असतील, त्यावर हंबकर जरा दबल्यासारखा वाजतो, ५०० केचा टाकलास तर खुलेल. बाकीचे दोन सिंगल मग थोडे टोचतील, ते टोन नॉबने सांभाळ.

रत्नागिरी_रिफ:
पैसे घालायच्या आधी पिकअपची उंची बघ भावा!! शेवटच्या फ्रेटवर (मानेवरची धातूची पट्टी) तार दाबून तार आणि पोलपीसमध्ये (पिकअपवरचे धातूचे खिळे) दोनेक मिमी ठेव. फार जवळ नेलंस तर मॅग्नेट तार ओढतो, सूर हलतो. आणि आपल्याकडची खारी हवा, जॅक (केबल लावायचं भोक) आणि स्विच उघडून बघ, हिरवं धरलं असेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मार, तारा नव्या घाल, मग ठरव.

मालवणी_बेंड:
जॅक उघडला, खरंच हिरवा आहे 😅 क्लीनर हार्डवेअरवाल्याकडे मिळेल की मोबाइल रिपेअरवाल्याकडे?

सोल्डरबाबा:
मोबाइलवाल्याकडे विचार. डब्ल्यूडी-४० नको मारू पॉटमध्ये.