सदोष भाग बदलायला मुदत कशाला? विमान उभं करा

तापीकाठ:
नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबस ए३२० ची विमानं अचानक उभी केली, तेव्हा आमच्या जळगावात मुंबईहून पुढचं विमान चुकलेले लोक करवादत होते. कारण काय होतं? ३० ऑक्टोबरला जेटब्लू या अमेरिकन कंपनीच्या ए३२० विमानाने वैमानिकाने काही न करता नाक खाली घातलं, प्रवासी जखमी झाले. संशय इलॅक या, विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या संगणकावर. तीव्र सौर किरणोत्सर्गाने त्यातली माहिती बिघडू शकते. आदेश आला: पुढच्या उड्डाणाआधी दुरुस्त करा. मी म्हणतो, नियंत्रणाच्या प्रत्येक सदोष भागाला हाच नियम लावा. बोईंग ७३७ च्या रडरपायी (शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला २५ आणि १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ १३२ माणसं गेली. रडरची यंत्रणाच बदलायचा आदेश निघाला २००२ मध्ये, वर सहा वर्षांची मुदत!

शिरपूरकर:
काय सांगस भाऊ! ती सहा वर्षं कोणी हातावर हात धरून बसलं नव्हतं. रडर हलवणारा सर्वो व्हॉल्व्ह आधीच बदलायला लावला होता, रडर अडकलं तर काय करायचं ते वैमानिकांना शिकवलं होतं. नवीन यंत्रणा हजारो विमानांना एका रात्रीत कुठून आणणार? आणि ए३२० चा आदेश झेपला, कारण बहुतेक विमानांत जुनं सॉफ्टवेअर परत टाकून काही तासांत काम झालं. तरीही दुरुस्तीच्या तळापर्यंत प्रवासी न घेता तीन उड्डाणांची सूट होतीच.

भुसावळ शेड (निवृत्त):
मुदतीवर काय भांडता, मापावर भांडा. अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ ची सप्टेंबर १९९७ मधली तपासणी वाचा. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या लांब स्क्रूची, म्हणजे जॅकस्क्रूची, नटातली ढिलाई ०.०४० इंच भरली, मर्यादा तेवढीच. नट बदला, असं कागदावर आलं. पुढच्या पाळीने पुन्हा मोजलं, ०.०३३ आलं, विमान सेवेत. ३१ जानेवारी २००० ला तेच विमान समुद्रात पडलं, ८८ जण गेले. समुद्रातून काढलेल्या स्क्रूभोवती नटाचे सोललेले आटे तारेसारखे गुंडाळलेले होते, आणि ग्रीस जायची वाट वाळक्या ग्रीसने बुजलेली. आमच्या रेल्वे शेडमध्ये चाक मर्यादेला टेकलं की ते काढायचं, पुन्हा मोजत बसायचं नाही.

रावेरकर:
जळगावहून उडतं ते एटीआर-७२, त्यात इलॅकच नाही, तिथे केबलवर काम चालतं. पण छोट्या गावाला एक विमान उभं राहिलं की फेरीच रद्द. मग माणसं रात्रीच्या गाडीने महामार्गाला लागतात. ती जोखीम तुमच्या नियमात कुठे बसते?

तापीकाठ:
रस्त्यावर मला ड्रायव्हरला 'थांब' म्हणता येतं. वर कोणाला म्हणू? जोखीम घ्यायची तर तिकिटावर छापा, 'अमुक भाग बदलायचा बाकी आहे'. बघू किती जण बसतात.

रावेरकर:
असं छापलंत तर एकही विमान उडणार नाही. काही ना काही बाकी असतंच, म्हणून तर मुदत.

शिरपूरकर:
शेडवाल्या काकांचं पटलं. एकदा माप मर्यादेला भिडलं की पहिल्या पाळीचाच आकडा धरा, यावर मी त्यांच्या बाजूला. सरसकट विमानं उभी करायला मात्र नाही.