ॲड्रेनलिन दिलं तर बीपी उतरतंय! तातडीने मदत हवी आहे

तिसरी_वारी: उद्या फार्माकॉलॉजीचं प्रॅक्टिकल. कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये कुत्र्याला ॲड्रेनलिन टोचलं की बीपी खाली येतंय. चार वेळा केलं, तेच. पुस्तकात चक्क 'वाढतं' आहे. सॉफ्टवेअर गंडलंय का? जर्नलमध्ये काय लिहू?

जुनं_खोड: डोस किती? अगदी कमी डोसला बीटा-२ रिसेप्टर (पेशींवर औषध जिथे चिकटतं त्या जागांचा एक प्रकार) आधी दाद देतात, स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी थोडं उतरतं.

तिसरी_वारी: नेहमीचाच डोस. लवकर सांगा ना.

कृष्णाकाठ: बॅरोरिसेप्टर, म्हणजे बीपी टिपणारे सेन्सर! बीपी चढलं की व्हेगस नस हृदयाला लगाम घालते. बिनधास्त लिही.

जुनं_खोड: काहीही काय! चढलंच नाही तर व्हेगस आवरणार कशाला? आधी कुठलं औषध दिलं होतं?

सुगरण५६: आमच्या ह्यांचं १५०/९५ असायचं. पापड-लोणचं बंद केल्यावर फरक पडला. कुत्र्याला खारं घालता का?

तिसरी_वारी: काकू, कुत्रा कॉम्प्युटरमधला आहे. फेंटोलामिन दिलं होतं, पण तो आधीचा प्रश्न होता. रीसेट नाही केलं.

जुनं_खोड: अरे, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! फेंटोलामिनने अल्फा रिसेप्टर अडवले. रक्तवाहिन्या आवळतात त्या अल्फामुळे. उरले बीटा-२, ते सैल सोडतात. म्हणून उतार. शास्त्रज्ञ हेन्री डेलना अर्गट (बुरशीतलं औषध, तेही अल्फा अडवतं) दिलेल्या मांजरात हेच दिसलं, आणि आधी त्यांनीही ॲड्रेनलिनचा नमुनाच खराब ठरवला. १९०६ साली छापलं. जर्नलात 'डेलचं व्हॅसोमोटर रिव्हर्सल' लिही. एक्स्टर्नल विचारेल, नॉरॲड्रेनलिन दिलं तर? उलटत नाही, बीटा-२ वर त्याचा जोर नगण्य. चढ नुसता बुटका होतो.

कृष्णाकाठ: ब्लॉकर नसताना नॉरॲड्रेनलिनने नाडी मंदावते, ती बॅरोरिसेप्टरमुळेच. मी तेच म्हणत होतो.

जुनं_खोड: नव्हता म्हणत.

काजळी_ड्रम: आमच्या वेळी खरा कुत्रा असायचा. कॅरोटिडमध्ये नळी, काजळी धरलेल्या कागदावर रेघ. बंद झालं ते बरंच झालं, पण हात तयार व्हायचा. असो. ॲट्रोपिननंतर, एरवी बीपी उतरवणाऱ्या ॲसिटिलकोलिनचा मोठा डोस दिला तर बीपी वाढतं, तेही वाचून ठेव.

सुगरण५६: खऱ्या कुत्र्याला?? शी!

तिसरी_वारी: रीसेट केलं, चढलं! पण उलटा ग्राफ पुसला गेला. कुणाकडे स्क्रीनशॉट आहे का?