अनुभव धागा : आल्हाम्ब्रा (स्पेनमधल्या ग्रानादाचा किल्ला-राजवाडा) आणि तिकडच्या बागा

वांगीभात
काल सोसायटीची टाकी भरून वाहिली. बॉलकॉक बिघडलेला, वॉचमन झोपलेला. पाणी गच्चीवरून जिन्यात, थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत. सगळे आरडाओरडा करत होते आणि मी कठडा धरून बावळटासारखी उभी, कारण मला ग्रानादा आठवलं. हेनेरालिफेत, म्हणजे आल्हाम्ब्राशेजारच्या राजबागेत, वरच्या अंगाला एक जिना आहे. त्याच्या दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी, त्यांतून पाणी खळाळत खाली येतं. आधाराला हात ठेवला की तो पाण्यातच. वर झाडांचं छत. जुलैचं ऊन नुसतं भाजत होतं. सासूबाईंनी पन्हळीत दोन्ही मनगटं बुडवली आणि पाच मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. हे पण पहिल्यांदाच 😄
कोण कोण जाऊन आलंय? लिहा.

भटक्या_नाशिककर
२०१० ला गेलो होतो. सिंहांचा चौक बघायचा म्हणून जिवाचा आटापिटा. कारंज्याभोवती १२ दगडी सिंह. एकही जागेवर नव्हता, सगळे दुरुस्तीला! २०१२ मध्ये परत आले म्हणे. माझ्या फोटोत नुसते खांब.

जास्वंद
@भटक्या, खांबही १२४ आहेत, ते मोजायचेस 😂

पाटलीणबाई
आम्ही राजवाड्याची वेळ चुकवली. नास्रिद (तिथलं मुस्लीम राजघराणं) राजवाड्यांच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, ती गेली की गेली. यांना चुर्रो (तिथला तळलेला गोड पदार्थ) खायचे होते. बारा मिनिटं उशीर. दारावरच्या बाईंनी मान हलवली ती हलवलीच. मग बागाच बघितल्या दिवसभर. अजून चुर्रोचं नाव काढलं की हे खोलीतून उठून जातात.

सुतारपक्षी
वांगीभात, त्या जिन्याची गंमत म्हणजे पंप नाही. दारो नदीचं पाणी सुमारे ६ किमी वरून पाटानं वळवून नुसत्या उतारावर टेकडीवर आणलंय, १३ व्या शतकात. 'असेकिया रेआल' म्हणतात त्या पाटाला. औरंगाबादच्या पाणचक्कीला लहानपणी बाबांनी हेच दाखवलं होतं, तिथेही डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून उतारानं येतं. तेव्हा माझं सगळं लक्ष हौदातल्या माशांकडे.

मिरची_कांदा
पाणचक्की!! तिथल्या वडाखाली आम्ही डबे खाल्लेत. सहल, चौथी ब.

जास्वंद
मी सेव्हियाच्या आल्काझारला गेले होते, स्पेनमधल्याच दुसऱ्या शहरातला राजवाडा. बाहेर रस्त्यावर संत्र्यांनी लगडलेली झाडं, कोणी हातही लावत नव्हतं. मी एक पडलेलं उचलून सोललं. कारल्यापेक्षा कडू. तोंड धुवायला पाणी शोधत फिरले. नंतर कळलं, ती मार्मलेडची संत्री.

सुतारपक्षी
आणि एक. सेव्हियातला तो मुख्य राजवाडा मूरांचा, म्हणजे स्पेनवर राज्य केलेल्या मुसलमानांचा, नाहीच. ख्रिस्ती राजा पेद्रोनं १३६४ च्या सुमारास मुस्लीम कारागिरांकडून बांधून घेतला. गाइड मूरिश म्हणतात आणि आपण माना डोलावतो.

भटक्या_नाशिककर
सर, तुम्हाला सोबत घेऊन जायला हवं होतं. किंवा नको 😜

पाटलीणबाई
जास्वंद, तुझा गुडघा कसाय आता?

जास्वंद
बरा आहे गं. जिने टाळते. पाण्याचे सोडून.

मिरची_कांदा
आम्ही डिसेंबरात गेलो. सगळे म्हणतात उन्हाळ्यात जा, मी म्हणते नको. आल्हाम्ब्रातल्या मर्टलच्या (सुवासिक झुडपाच्या) चौकात आठच माणसं होती. मधलं पाणी इतकं स्थिर की मनोरा उलटा दिसत होता. मुलानं खडा टाकायला हात उचलला, मी धरला. त्याला अजून राग आहे.
बाकी गूळपोळ्या नेल्या होत्या, त्या तिथल्या बाकावर बसून संपवल्या. मर्टलचं कुंपण छाटत होते, हाताला त्याचाच वास लागला.

पाटलीणबाई
पोळ्या किती दिवस टिकल्या? कणकेत तेल किती घालतेस?

वांगीभात
अगं पाककृतीचा धागा वेगळा काढा गं 😀 आणि तो प्लंबर आजही आला नाही. 'उद्या नक्की' म्हणाला.